न दुखणाऱ्या पायाची वहाण



जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळते, असे आपण म्हणतो. संसाराच्या गोष्टीत म्हणतो, कर्जाच्या गोष्टीत म्हणतो, आणि ते खरेही असते. आज मात्र मी ज्या माणसांविषयी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत ही म्हण साफ खोटी ठरते. त्यांच्या पायात जोडा चावतो, कातडी सोलून निघते, एखादा खिळा तळव्यात शिरतो, आणि घालणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. संध्याकाळी घरी आल्यावर बायको म्हणते, "अहो, अंगणात हे रक्त कशाचं?" तेव्हा तो खाली बघतो.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून बैलाचेच उदाहरण घेतो. नालबंद बैलाला आडवा पाडतो, खूर बघतो, तासतो, आणि मग त्या खुराला बेतून नाल बसवतो. एखादा खिळा आत जिवंत भागात गेला, तर बैल उठल्याबरोबर लंगडतो आणि तुम्ही नालबंदाला परत बोलावता. बैलाला वाचा नाही, पण त्याचा पाय बोलतो. ज्याचा तळवा सुन्न झाला, त्या माणसाचा पाय मात्र बोलत नाही. तो लंगडतसुद्धा नाही. जखमेवर पूर्ण भार देऊन तो चार कोस चालत जातो, आणि पाहणाऱ्याला वाटते, गडी धडधाकट आहे.

असा सुन्न पाय होतो कशाने? आपल्या भागात त्याची दोन मोठी कारणे आहेत. एक कुष्ठरोग आणि दुसरे मधुमेह, ज्याला गावात आपण नुसते 'शुगर' म्हणतो. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेमधील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू कातडीत आणि नसांत घर करतो. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी एक नस असते. ती मारली गेली, की तळव्याला ऊन कळत नाही, काटा कळत नाही, घामही येत नाही. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडते आणि तिला भेगा जातात. मधुमेहात कारण वेगळे, पण अनेक वर्षांच्या साखरेने नसांचे तेच होते, आणि पुढची कहाणी सारखीच.

वऱ्हाडातल्या आणि वर्ध्याकडच्या लोकांना हा विषय नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेला आरंभ केला. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. वणीहून वर्धा नदी ओलांडली, की वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन लागते, ते १९५१ पासूनचे. वर्ध्याच्याच गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानात डॉ. वारदेकरांनी घरोघर जाऊन रोगी शोधण्याची, लोकांना समजावण्याची आणि गावातच औषध देण्याची पद्धत बसवली. यवतमाळ जिल्हा ह्या सगळ्यांच्या मधोमध आहे.

पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सुचवला आणि रोगाचे रूपच पालटले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधे फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतली की जंतूंचा निकाल लागतो. डिसेंबर २००५ मध्ये देशाने निर्मूलनाची ठरलेली पातळी गाठली. पण पातळी गाठणे म्हणजे रोग संपणे नव्हे. विदर्भात आजही नवे रोगी सापडतात. आणि दुसरी गोष्ट अशी, की औषधाने जंतू मरतो, पण फार दिवसांची मेलेली नस जिवंत होत नाही. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर डॉक्टर ती पुष्कळदा सावरू शकतात. त्यानंतर माणूस रोगमुक्त होतो, पाय मात्र सुन्न राहतो. त्याच पायाने त्याला पुढची तीस-चाळीस वर्षे पऱ्हाटीत चालायचे असते.

पूर्वी लोक समजत, की महारोगाने बोटे सडून गळतात. ही समजूत खोटी आहे हे दाखवण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. हे इंग्रज शल्यचिकित्सक १९१४ साली तामिळनाडूतल्या डोंगराळ भागात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. त्यांनी बारकाईने बघितले, तर रोग्यांचे मांस इतर कोणाच्याही मांसासारखेच भरून येत होते. बोटे जात होती ती रोज होणाऱ्या आणि न कळणाऱ्या इजांनी. गरम भांडे, काटा, खिळा, आणि रात्री झोपेत कुरतडणारे उंदीर! हा शोध लागल्यावर घरी परतणाऱ्या रोग्यांबरोबर मांजर द्यायची त्यांनी सोय केली होती. ऐकायला गंमत वाटते, पण त्यात शास्त्र आहे.

तळव्याविषयी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. मोठा घाव क्वचितच होतो. खरी हानी करतो तो थोडा दाब, एकाच जागी, हजारो वेळा. तुमच्या-माझ्या पायाला एक जागा टोचू लागली, की आपण नकळत पाऊल जरा वाकडे टाकतो, ती जागा हलकी करतो. सुन्न पाय तसे करत नाही. पहिल्या पावलाला जिथे भार, तिथेच दहा हजाराव्या पावलालाही. आतले मांस चेचले जाते, आत पाणी धरते, आणि एक दिवस ते फुटते. म्हणून अशा माणसाची वहाण ही नुसती काट्यापासून आड नसते. भार सगळ्या तळव्यावर वाटून देणे हे तिचे खरे काम.

ह्या वहाणेचे वरचे अंग मऊ रबराचे असते. मायक्रोसेल्युलर रबर असे त्याचे नाव, त्याला एम.सी.आर. म्हणतात. त्याच्या पोटात बारीक बारीक हवेची घरे असतात. रबराचा कडकपणा मोजायचे एक माप असते, त्यात हे साधारण पंधरा अंशांचे. गाडीच्या टायरचे रबर त्याहून कितीतरी कडक. अंगठ्याने दाबले तर हे दबते आणि सोडले की वर येते. पण नुसते मऊ रबर बाभळीच्या काट्यापुढे काय टिकणार? म्हणून त्याच्या खाली टायरचा किंवा तसाच कडक तळ लावतात. वर मऊ, खाली कडक. आणि दोन्ही जोडायचे ते सोल्यूशनने आणि दोऱ्याने. खिळा एकही ठोकायचा नाही. आपल्या मोची बांधवांना हे ठाऊक नसले तर तळ उसवला की सवयीने दोन खिळे ठोकून देतात. खिळा आठ दिवसांत वर येतो, आणि घालणाऱ्याला तो कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, वहाण पायाला बसवणे. शिबिरात नंबर बघून जोड देतात. सात नंबर, आठ नंबर. पण तळवे काय नंबराप्रमाणे असतात? कुणाचा पाय सपाट, कुणाची कमान उंच. कुणाची बोटे आत वळलेली, कुणाचा करंगळीकडचा भाग गेलेला. एकाच माणसाचे दोन पायसुद्धा सारखे नसतात. वहाण उत्तम आणि पाय वेगळा, तर ती वहाणच जखम करील.

माप घ्यायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजतो. कागद जमिनीवर ठेवावा, माणसाला दोन्ही पायांवर नीट उभे करावे आणि पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती रेघ काढावी. पेन्सिल तिरपी झाली की माप चुकले. दोन्ही पायांचे माप वेगळे घ्यावे. तळ हा सर्वांत लांब बोटाच्या पुढे अर्धा बोट, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर असावा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे समजू नये, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. पायाची कड तळाच्या बाहेर कुठेही लोंबता कामा नये.

मग पट्टे. आपली नेहमीची कोल्हापुरी किंवा रबरी चप्पल अंगठा आणि दुसरे बोट ह्यांच्या बेचक्यात धरावी लागते. सुन्न पायाला ती चालत नाही. बेचकी कापते, शिवाय बोटांत जोर नसला तर चप्पल निसटते. ती वाटेत निसटून पडली तरी काही जणांना कळत नाही, एका पायात चप्पल घेऊन माणूस घरी येतो! म्हणून अंगठा नको, टाचेमागून जाणारा पट्टा हवा. पुढचा पट्टा बोटांच्या सांध्यांवरून जाऊ नये, तो त्यांच्या मागे चवड्यावर बसावा. पट्ट्याला आतून मऊ कातडे असावे, शिवणीची गाठ आत नसावी. बक्कल हाडावर येऊ देऊ नये, बाहेरच्या बाजूला घ्यावे. ज्यांच्या हाताची बोटेही वळली आहेत त्यांना बक्कल लावता येत नाही. त्यांना वेल्क्रोची पट्टी बरी, आणि तिच्या टोकाला बोट अडकवण्यापुरता फास शिवून घ्यावा. आपल्याकडे कापूस वेचताना वेल्क्रोत तंतू भरतात आणि ती पकडत नाही. जुन्या फणीने ती अधूनमधून विंचरून काढावी.

पट्टा किती आवळायचा? इथे लोक हमखास फसतात. सुन्न पायाच्या माणसाला विचाराल, "काकाजी, बराबर बसली का?" तर तो म्हणेल, "थोडी ढिल्ली वाट्टे, आखीन कसा." कारण थोडे कसल्याशिवाय त्याला पट्टा आहे हेच जाणवत नाही. तो स्वतः जोडा विकत घेतो तेव्हाही एक नंबर लहानच घेतो, घट्ट बसला म्हणजे त्याला 'बसला' वाटतो. तेव्हा त्याला विचारू नका, माप बघा. पट्ट्याखालून पेन्सिल सहज सरकली पाहिजे, पण चालताना पाय वहाणेत पुढे-मागे घसरता कामा नये. घट्ट पट्टा रक्त अडवतो आणि सैल पट्टा घासून कातडी नेतो.

जाणिवेवर न विसंबता मापावर विसंबायचे, ही रीत एका अगदी वेगळ्या ठिकाणीही पाळतात. गुरुजींनी भूगोलाच्या तासाला मुलांना सांगावे असे हे उदाहरण आहे. काश्मिरात गुलमर्गला आपल्या सैन्याने १९४८ साली बर्फावर स्कीने चालण्याची शाळा काढली. स्की म्हणजे पायाखाली बांधायच्या लांब पट्ट्या. डोंगर चढताना टाच मोकळी हवी, उतरताना ती जखडलेली हवी, आणि पडल्यावर बूट आपोआप सुटायला हवा. बूट पट्टीला धरून ठेवणारी जी कळ असते, ती फार आवळली तर पडताना पाय मोडतो, ढिली राहिली तर भर उतारावर पट्टी निसटते. आणि बुटांचे तळ सगळे सारखे नसतात. कुणाचा लांब, कुणाचा जाड, कुणाचा पुढून झिजलेला. म्हणून बूट बदलला की कळ नव्याने लावतात. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये बघतात, पेचकसाने कळ पुढे-मागे सरकवतात, बूट आणि पट्टी ह्यांच्यातली फट तपासतात. "घट्ट वाटते की सैल वाटते" असे विचारून कुणी ती लावत नाही. टणक बुटात आणि थंडीत पायाला काय कळणार? बर्फावरचा जवान आणि आपला पऱ्हाटीतला काकाजी, दोघांच्याही पायाची साक्ष धरता येत नाही.

माप बरोबर असले तरी खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होते. नवी वहाण पहिल्या दिवशी एकच तास घालावी. मग पाय धुऊन, पुसून, उजेडात बघावा. पट्ट्याखाली किंवा तळव्यावर लाली दिसली आणि अर्ध्या तासात ती गेली नाही, तर तिथे वहाण चावते आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताचा पालथा पंजा पायावर फिरवावा. एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा किंवा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागली, की तिथे आत काहीतरी चेचले जात आहे असे समजावे. ज्याचे हातही सुन्न आहेत त्याने हे काम घरच्याला सांगावे. वहाण दुरुस्त करावी, पट्टा सरकवावा, आणि काही दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी तीन. असे वाढवत न्यावे.

चवड्याखाली, जिथे बोटांची हाडे सुरू होतात, तिथे जखमा फार होतात. तिथे जुना व्रण असेल तर नुसते मऊ रबर पुरत नाही. त्या हाडांच्या मागे, लक्षात ठेवा, खाली नव्हे तर मागे, रबराची छोटी गादी बसवतात, म्हणजे भार कमानीवर जातो. काहींना न वाकणारा आणि पुढे होडीसारखा उचललेला तळ देतात, म्हणजे पाऊल टाकताना चवडा मुडपत नाही. ज्याचे पाऊल घोट्यातून खाली लोंबते त्याला पुढून वर ओढणारा लवचिक पट्टा लागतो. ही कामे मात्र घरी करू नका. गादी एक बोट पुढे गेली तरी ती उलट जखमेवरच दाब देईल. ह्यासाठी कुष्ठरोगाच्या दवाखान्यातला जाणता कारागीरच हवा. आणि जखम उघडी असेल तर कुठलीही वहाण औषध नव्हे. तिला विश्रांती आणि डॉक्टर, हेच औषध.

रोजच्या काळजीला फार काही लागत नाही. संध्याकाळी वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवावेत. गरम पाणी नको, ते किती गरम आहे हे पायाला कळणार नाही. घट्टे वज्रीने हळू घासावेत, ब्लेडने कापू नयेत, आणि पाय ओले असतानाच खोबरेल किंवा घरातले कुठलेही खायचे तेल लावावे. हे कुष्ठरोगाच्या पायाचे झाले. मधुमेह्याने पाय भिजत ठेवू नयेत. नुसते धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, घट्टे दवाखान्यात काढून घ्यावेत. शेतात जाताना लांब ढांगा टाकू नयेत, लहान पावले टाकावीत. पऱ्हाटी उपटल्यावर धसकटे राहतात, त्या वावरात शक्यतो जाऊच नये. आणि वहाण पायात घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी, तळ हाताने नव्हे तर डोळ्यांनी तपासावा. कडक तळात रुतलेला काटा आज वर आलेला नसतो, उद्या येतो.

आता एक अडचण सांगतो, ती रबराची नाही, माणसांची आहे. ही वहाण वर्षानुवर्षे एकाच काळ्या घाटाची येत असे. लांबूनच ओळखू यायची. लोक म्हणायचे, "ती पाहा रोग्याची चप्पल." परिणाम काय? बाई ती वहाण दवाखान्यात जातानाच घालायची आणि लग्नाला, बाजाराला अनवाणी जायची. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर बाप ती कोनाड्यात लपवायचा. पाय जायचा तो ह्यामुळे. खरे तर तेच रबर साध्या सँडलच्या आत बसवता येते, रंगीत पट्टे लावता येतात, आणि मधुमेहाचे लोक आज असे जोडे सर्रास घालतात. मऊ वहाण घातलेला दिसला की तो अमुक रोगाचा, हे गावाने ठरवायचे काही कारण नाही. उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून लागण होत नाही, आणि बहुतेक माणसांच्या अंगात ह्या जंतूला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते.

गुरुजी, तुमच्याकडे दोन कामे आहेत. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तिथे कापसाच्या बोळ्याचा स्पर्श त्याला कळला नाही, तर त्याच्या पालकांना एकट्यात बोलवा आणि आरोग्य केंद्रात पाठवा. वर्गात पुकारा करू नका. दुसरे काम हस्तकलेच्या तासाचे. मुलांना आजोबांच्या पायाचा नकाशा कागदावर काढून आणायला सांगा, आणि त्यांच्या चपलेचाही. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. कुठे पाय बाहेर जातो ते मुलांनाच दिसेल. आजोबांना शुगर असेल तर ह्या एका कागदाने मोठे काम होईल.

राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात ही वहाण फुकट मिळते आणि वर्षातून दोन जोड देण्याची तरतूद आहे. आशाताईंना किंवा आरोग्य सेवकांना विचारा. पावसाळ्यात काळी माती चिकटली तर वहाण धुऊन सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. रबर दोन बोटांत दाबून बघत जा. दाबले आणि वर आले नाही, तर ते मेले, वहाण बदला. पण जुनी वहाण उकिरड्यावर टाकू नका. जिथे ती सर्वांत जास्त दबली आहे, काळी पडली आहे, तिथेच ह्या माणसाचा भार पडतो. नवी बसवून घ्यायला जाल तेव्हा जुनी पिशवीत घालून बरोबर न्या आणि कारागिराच्या हातात द्या.